पिल्यावरचं धरत नाहीत

आमच्या गावात पिल्यावरचं धरत नाहीत. माणूस संध्याकाळी शिंदी ढोसून तुमच्या दारात आला, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, वर जोडा फेकून मारला, तरी सकाळी तो भेटला की "काऊन जी, कापूस फुटला का?" एवढंच विचारायचं. कालची गोष्ट काढायची नाही. जो काढेल तोच हलका. मामला चावडीवर गेला तरी म्हातारे पहिला सवाल हाच करत, "पिऊन होता का?" होता म्हटलं की खतम. शुद्धीत बोललेला एक शब्द मात्र लोक मरेपर्यंत लक्षात ठेवत.

हा रिवाज शिव्यागाळीसाठी होता. मी अन् खुशालनं तो भलतीकडंच ताणला.

आधी मी कोण ते सांगतो. मी फकिरा, लेडीज टेलर. गाव आदिलाबादकडल्या बेल्याच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडं, जिथं बसची पाटी तेलुगूत असते अन् बसमधलं भांडण मराठीत. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, थोरला भाऊ शिकून मास्तर झाला, घरात बाबासाहेबांचा फोटो लागला, अन् त्या फोटोखाली बसून मी तेलुगूच्या पेपरात नापास झालो. मग मशीनवर बसलो. ब्लाउज मात्र असा शिवत होतो की आदिलाबादहून बाया कपडा घेऊन येत. लग्नबी झालं होतं. बायको दुसऱ्या वर्षी पोळ्याला माहेरी गेली ती तिकडलीच झाली. गाव म्हणे, साऱ्या तालुक्याच्या बाया फकिराकडं येतात अन् घरचीच तेवढी पळून जाते. मीबी त्यांच्यासोबत हसत होतो. तिचा काही दोष नव्हता. नवरा म्हणून मी बिनकामाचा होतो, हे तिला लवकर कळलं अन् मला उशिरा.

खुशाल कुणब्याचा. काळी जमीन, बैलजोडी, भरघोस मिशी. शाळेत तो माझ्या मागच्या ओळीत बसायचा अन् माझ्या मानेवर खडू मारायचा. मला तेव्हापासून तो आवडे. आता वय झालं, लाज झिजली, म्हणून सरळ सांगून टाकतो.

आमचं सुरू झालं ते पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला. संध्याकाळी कल्लूच्या दुकानात, तेलुगूत शिंदीला कल्लू म्हणतात, दोघं बसायचो. ठेकेदार शिंदीत कसलीतरी पांढरी पावडर टाकत होता. झाडाची शिंदी पोटात गुदगुल्या करते; ही डोक्यावर घण घाली. पिऊन उठायचं, नाल्याच्या काठानं चालत खुशालच्या वावरातल्या खोपडीत जायचं. तिथं जे होई ते पिल्यावरचं. सकाळी तो सायकलवरून माझ्या दुकानासमोरून जाई अन् ओरडे, "काऊन टेलर, काम लय दिसते!" मी म्हणे, "हो जी, लगनसराई आहे." झालं. दोघं सज्जन.

एकदा माझं पोट बिघडलेलं होतं म्हणून मी न पिता खोपडीवर गेलो. खुशाल अंधारात उठून बसला. माझ्या तोंडाजवळ नाक आणलं, हुंगलं अन् म्हणाला, "जा, पिऊन ये." मी बी काय शहाणा! तसंच बिघडलेलं पोट घेऊन परत गावात गेलो, पावडरवाली शिंदी रिचवली, अन् परत येताना नाल्यात पडलो. चिखलानं भरून खोपडीत पोचलो तर हा घोरत होता. माझ्या प्रेमाची कहाणी ही अशी आहे.

मग एक वर्षी मला नको त्या जागी फोड आला. दुखत नव्हता, पण होता. पहिले मी म्हटलं, मशीनवर बसून उष्णता झाली. मशीनच्या स्टुलावर ओला टॉवेल टाकून बसलो. त्यानं एवढंच झालं की पाठीमागून माझी पॅन्ट ओली दिसे अन् ब्लाउज न्यायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावत. मग बेल्याच्या बाजारात तंबू लावणारा एक वैदू होता, तंबूवर वाघ काढलेला, त्याच्याकडं गेलो. त्यानं बघितलं अन् डोळे बारीक करून विचारलं, "कोणत्या बाईकडं गेला होता?"

"कोणत्याच नाई."

"खरं बोल."

"बाबासाहेबांची आण."

"मग हा तो रोग नाही," वैदू म्हणाला. "तो बाईकडूनच येते." अन् उष्णतेची पुडी दिली.

आमच्याकडं सगळ्यांनाच ते असं माहीत होतं. भिंतीवर, सिनेमाच्या स्लाइडवर, तंबूच्या पडद्यावर, रोग म्हटला की बाई काढलेली. आमी तर बाहेरच्या बाईच्या वाटेला जात नव्हतो. मला तर वाटे, आपल्यासारखा पतिव्रता माणूस तालुक्यात नसेल. अर्थात पतिव्रता म्हणणं जरा जास्तच झालं. कल्लूच्या दुकानात खुशालशिवाय दुसरेबी होते, अन् त्यांचंबी पिल्यावरचंच होतं. फोड आपोआप बसला. मी वैदूचे गुण गायले, उरलेली पुडी खुशालला दिली. म्हटलं, घे, उष्णतेवर बरी आहे.

पुढं दोन-तीन महिन्यांनी माझ्या तळहातावर तांबडे डाग उठले. खाजत नव्हते, दुखत नव्हते. तेव्हा माझ्याकडं एका लग्नाचे लाल परकर शिवायला होते. मी म्हटलं, कपड्याचा रंग सुटला. कापडवाल्याशी मी भर बाजारात भांडलो, "असा कच्चा रंग देता का?" तो बिचारा कपडा पाण्यात पिळून दाखवे, पाणी पांढरंच. मी म्हणे, पाण्यात नाही सुटत, घामात सुटते! रात्री जोडे काढले तर तळपायावरबी तेच डाग. आता परकर काही मी पायानं शिवत नव्हतो. तिथं मात्र माझी हुशारी संपली.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. चर्मरोगाचा डॉक्टर तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलला. रक्त घेतलं, दुसऱ्या खेपेला बोलावलं. दार लावून घेतलं अन् विचारलं, "औरत के पास गया था?"

"नाई साहेब."

"फिर?"

मी छताकडं पाहिलं, मग त्याच्या टेबलावरच्या पितळी घंटीकडं पाहिलं. म्हटलं, "एक दोस्त है, साहेब."

"आदमी?"

"पीने के बाद, साहेब," मी घाईघाईनं म्हणालो. मला वाटलं, हा बी म्हणेल, अच्छा, पिऊन होता का, मग खतम.

डॉक्टरनं विचारलं, "पी के हुआ, तो भी हुआ ना?"

 एवढी साधी गोष्ट माझ्या गावात कोणी म्हटली नव्हती. डॉक्टर ओरडला नाही, तोंड वाकडं केलं नाही. म्हणाला, ये गरमी का रोग आदमी से भी होता है, बराबर होता है. सुई घे, बरा होशील. पण त्या दोस्तालाबी आण, नाहीतर परत लागेल. "उसका शादी हुआ?"

"हो."

"बच्चे?"

"राहत नाहीत साहेब. पोटातच जातात."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. हाच रोग नवऱ्याकडून बायकोला जातो, बायकोकडून पोटातल्या लेकराला. लेकरू आतच मरतं. बाईला वेळेवर सुई दिली तर वाचतं.

खुशालच्या बायकोचं नाव जयवंताबाई. तिचे ब्लाउज मीच शिवत होतो. आमच्या कामात ब्लाउजच्या बाजूला आत थोडी माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते. बाई पोटुशी राहिली की ती उसवून सैल करायचं. तिचं मी आधीबी सैल करून दिलं होतं, अन् मग पुन्हा घट्ट करून दिलं होतं. तेव्हा ती बोलली नव्हती, मीबी विचारलं नव्हतं. गाव म्हणे, बाईवर बाहेरचं आहे. सासू, देवकाबाई, तिला दर अमावस्येला कुठंकुठं उतारे करायला पाठवी.

मला दोन्ही कुल्ल्यांत सुया बसल्या. दुसऱ्या दिवशी बसता येईना म्हणून उभ्यानंच काज-बटनाचं काम करत होतो, तर जयवंताबाई दुकानात आली. हातात हिरवा ब्लाउज. खाली बघत म्हणाली, "टेलरभाऊ, थोडं सैल करून द्या."

माझ्या हातातून कात्री पडली. सुदैवानं पायावर नाही.

आता एवढंच करायचं होतं: खुशालला सांगायचं, तिघांनी बसमध्ये बसायचं. पण सांगायचं कधी? शुद्धीत सांगावं, तर शुद्धीत काही झालेलंच नव्हतं. पिऊन सांगावं, तर सकाळी ते धरायचं नव्हतं. आमचाच रिवाज आमच्या गळ्यात अडकला.

पहिले पिऊन सांगितलं. म्हणजे तो पिऊन. मला डॉक्टरनं मनाई केली होती, मी ओठाला लावून मागं ओतत होतो. कुत्र्यानं ती चाटली अन् दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलं. खुशालला सगळं सांगितलं. तो माझ्या गळ्यात पडून रडला. "फकिरा, तू देवमाणूस आहेस. उद्याच जाऊ. सकाळच्या बसनं." सकाळी मी धुतलेला शर्ट घालून स्टँडवर. बस आली, गेली. खुशाल सायकलवरून आला, म्हणाला, "काऊन टेलर, कुठं निघाला?"

असं मी परत केलं. परत रडला, परत शर्ट धुतला, परत बस गेली. माझ्यासारखा गाढव मीच.

मग एकदा दिवसा, दुकानात, गिऱ्हाईक नसताना, मी हळूच म्हटलं, "रात्री काय बोललो आठवते का?" खुशालचं तोंड असं झालं, जणू मी त्याच्या आईला शिवी दिली. "पिल्यावरचं काढते का रे कोनी?" म्हणाला अन् निघून गेला. चार दिवस दुकानासमोरून सायकल नेली नाही, वळसा घालून गेला. इकडं हिरवा ब्लाउज माझ्या मशीनवर घडी होऊन पडला होता. दर दिवशी जयवंताबाईच्या पोटातलं लेकरू मोठं होत होतं अन् मी इकडं लाजेत बसलो होतो. मला स्वतःचाच संताप आला. गावच्या बायांच्या छातीचं माप बिनधास्त घेतो, अन् एका माणसाशी चार वाक्यं बोलता येत नाहीत!

दुपारी, भर उन्हात, मी त्याच्या वावरात गेलो. तो कापसात एकटाच होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो अन् तोंड उघडलं.

"हुंग."

"काय?"

"माझं तोंड हुंग. म्या पेलो नाई. तू बी पेला नाईस. आता म्या बोलतो ते धरायचं."

त्यानं हुंगलं नाही. पण तो मागंबी सरला नाही.

"तू मला आवडतोस," मी म्हटलं. "शाळेपासून. खोपडीत जे होते ते होते, पेलो होतो म्हनून ते झालंच नाई असं नाई. मला बिमारी झाली. ती तुला आहे. वहिनीला आहे. तुझी लेकरं त्यानंच गेली. हे तिसरं बी जाईल."

खुशालनं माझ्या कानाखाली आवाज काढला. माझी टोपी कापसात पडली. मग दुसरी लावली. तिसरीसाठी हात उचलला अन् तसाच बांधाच्या धुऱ्यावर बसला. मी त्याला पिऊन शंभर वेळा रडताना पाहिलं होतं. शुद्धीत कधी नाही. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावा वाटला, पण दिवस होता, म्हणून मी टोपी झटकत उभा राहिलो.

मग त्यानं विचारलं, "सुई लय दुखते का?"

"बसता येत नाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिघं बसमध्ये होतो. ती दोघं पुढं, मी मागच्या सीटवर, ओळख नसल्यासारखा. त्यानं बायकोला सांगितलं होतं, लेकरासाठी शक्तीची सुई आहे. डॉक्टर तिच्याशी खरं बोलायला निघाला, तर खुशाल मधेच म्हणाला, "चूक माझी आहे, साहेब, तिची काई नाई." पुढं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, तेवढ्यात मला बाहेर काढलं.

डॉक्टरनं खुशालची शिंदी बंद केली. बंद केली म्हणणं सोपं. पावडरची शिंदी सुटली तसा हा माणूस लटलट कापायला लागला. भिंतीवर लाल मुंग्या दिसत, घरात बैल शिरलेला दिसे. एकदा विहिरीकडं धावला. देवकाबाईनं भानामती, भानामती म्हणून गल्ली गोळा केली. जाणता आला, लिंबू कापून गेला. मी म्हटलं, भानामती नाही आई, ठेकेदाराची पावडर आहे, उतरून राहिली आहे. पण टेलरचं कोण ऐकते? शेवटी डॉक्टरकडून गोळ्या आणल्या अन् मी खाटेजवळ बसलो, कारण खुशाल माझा हात सोडायलाच तयार नव्हता.

असे ते दिवस. भर दिवसा, दार उघडं, गल्लीतली माणसं येऊन बघून जात, अन् खुशाल माझा हात घट्ट धरून पडलेला. कोणी काही म्हटलं नाही. उलट म्हातारी मला चहा देई. कप वेगळा होता, बिनकानाचा, आमच्या लोकांसाठी ठेवलेला. पण चहात साखर भरपूर होती. एक माणूस खाटेवर तडफडत होता अन् मी मनातल्या मनात खूश होतो. इतका खूश मी कधीच नव्हतो. आता काय म्हणाल ते म्हणा.

तो सुधारला. कापूस निघायच्या दिवसांत जयवंताबाईला मुलगी झाली. जिवंत, रडकी, लालबुंद. डॉक्टरनं तिचं रक्त तपासलं, साफ निघालं. देवकाबाईनं जाणत्याला कोंबडं दिलं. खुशालनं गावात पेढे वाटले, माझ्या दुकानातबी ठेवून गेला. पण बसला नाही.

दारू सुटली ती सुटलीच. अन् दारू नाही तर खोपडी नाही. न पिता यायचं म्हणजे ते धरलं जाणार, अन् धरलेलं त्याला झेपत नव्हतं. मी वाट पाहिली. संध्याकाळी दुकान उशिरा बंद करून पाहिलं. एकदा तर वाटलं, ठेकेदाराला सांगावं, बाबा, त्याला एक गिलास फुकट पाज, पैसे माझ्याकडून ने. इतका हलकट विचार माझ्या डोक्यात आला होता. एवढं सांगतो की ठेकेदाराच्या दारापर्यंत गेलो अन् परत आलो. त्या दिवशी घरी येऊन मी उशीत तोंड घालून रडलो. रक्त सगळ्यांचं साफ झालं होतं, माझंबी. अन् ती करामत माझीच होती.

पोरगी सहा-सात महिन्यांची असेल. जयवंताबाई तिला खांद्यावर घेऊन दुकानात आली, झबलं शिवायला. मी टेप काढला.

"टेलरभाऊ, एक इचारू का?"

"इचारा ना, वहिनी."

"तुमचं अन् ह्यांचं काई बिनसलं काय?"

"नाई जी. काऊन?"

"आधी पिऊन आले की रातभर तुमचंच नाव घेत. फकिरा असा, फकिरा तसा. काय काय बोलत. मी आपली गोधडीत आयकत पडे." तिनं पोरीची लाळ पदरानं पुसली. "आता झोपेत बी घेत नाईत."

 पोरीच्या पाठीवर धरलेला टेप तसाच राहिला.  मी आपला गावचा रिवाज पुढं केला.

"पिल्यावरचं होतं जी वहिनी ते."

"ते पेले होते," जयवंताबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, माझ्याकडं पाहिलंबी नाही. "मी तं नव्हती पेली."

मग तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं अन् म्हणाली, झबलं जरा मोठंच बेता, पोरगी वाढून राहिली आहे. मी हो म्हटलं अन् माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं.